पालथा वायसर

आमच्या कंपनीचा नियम असा, की दुरुस्त झालेल्या कॉफी मशीनची पहिली कॉफी मेकॅनिकनेच प्यायची, गिऱ्हाईकासमोर बसून, कप रिकामा होईपर्यंत. त्या दिवशी सकाळपासून माझी आठ मशिनं झाली होती. आठ कप पोटात गेले होते. मला रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा देखणे वाटायला लागले होते.

नववं मशीन मौनीबाबांचं. हे नाव मीच ठेवलेलं. चौकातल्या दुकानात ते झकास कॉफी करत, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. महिन्याभरात त्यांचं मशीन चौथ्यांदा गळत होतं. इकडे मला पाचच्या आत साहेबांना कळवायचं होतं, दुसऱ्या शहरातली शाखा घेते की नाही. आई म्हणत होती, घे की, इथे कुणासाठी अडलंय तुझं? ज्यांच्यासाठी अडलं होतं ते ब्र काढत नव्हते, आणि माझा जीव नुसता टांगणीला.

पावणेपाचला मी मशीन उघडलं. आधीच्या तीन वेळा रबरी वायसर न बघताच उपसून फेकला होता आणि नवा घातला होता, कंपनीच्या मालाला शिव्या घालत. आज आठ कपांनी डोळे टक्क उघडे होते. वायसर पालथा बसवलेला होता, म्हणूनच पाणी गळत होतं. तो आपणहून पालथा होत नाही. जाळी काढा, हुकाने वायसर उपसा, उलटा करून परत ठोका. चांगली दहा मिनिटांची मेहनत आहे ती.

"हे तुम्ही केलंत?"

मौनीबाबा कानापर्यंत लाल झाले. "चारही वेळा."

"का पण?"

"दुरुस्त झाल्यावर तुम्ही एक कप पिता," ते म्हणाले. "तेवढा वेळ इथे बसता."

मला इतकं हसू फुटलं की हातातला पाना खाली पडला. सगळं दुकान वळून बघायला लागलं, बघेना का! मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि शाखा नको म्हणून सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं. इथे एक मशीन फार गळतंय, म्हटलं.

मग वायसर नीट बसवला, नववा कप अर्धा तास पुरवून प्यायले, आणि उठताना जाळी काढून तोच वायसर माझ्या हाताने पालथा करून ठेवला.

"उद्या परत यावं लागणार," मी म्हणाले.

"किती वाजता?" मौनीबाबांनी विचारलं.