गिरजाची जट

कमळा विहिरीवरून आली तेव्हा तिची मुलगी गिरजा परसात पाठमोरी बसली होती. उजव्या हातात विळा होता. डाव्या हाताने तिने मानेमागची जट घट्ट धरली होती.

कमळाने घागर टाकली. ती फुटली. आवाज ऐकून सासू देवकाबाई बाहेर आली, पण तोवर विळा कमळाच्या पदराखाली गेला होता.

"घागर काऊन फोडली वं?"

"हातातून सुटली, आत्याबाई."

देवकाबाईने फुटक्या घागरीकडे पाहिले, मग नातीकडे. "तू भाईर काऊन बसली, गिरजे? दुपारी पोचू भगत हळद घेऊन येते. तोवर जटेले वारा लागू देऊ नोको."

ती आत गेली. कमळा कुजबुजली, "बुढीनं पाह्यलं असतं म्हंजे?"

"पाह्यलं असतं तर काय? जट तर गेली असती."

१९५४ सालचा माघ होता. चांदा जिल्ह्यातल्या त्या टोल्यावर वीस-बावीस घरे, सगळी तळ्यावर मासे धरून आणि धानाची थोडी बांधी करून जगणारी. गिरजाचे केस साऱ्या टोल्याला माहीत होते. दाट, लाटालाटांचे, हवा जरा दमट झाली की फुगून डोक्याची टोपली करणारे. लहानपणी पोरे तिला अस्वल म्हणत. कमळाने त्या केसांसाठी नियमच घातले होते. कोरड्या केसांत फणी घालायची नाही. आधी तेल, मग बोटे, मग फणी, आणि वेणी घातल्याशिवाय झोपायचे नाही.

पौषात बल्लारपूरहून पाहुणे आले. मुलगा बिरजू कागदाच्या कारखान्यात कामाला होता. केस चापून बसावेत म्हणून देवकाबाईने स्वतः जवस उकडले, बुळबुळीत रस फडक्यातून गाळून नातीच्या डोक्याला चोपडला आणि वेणी घातली. पाहुण्यांनी पोरगी पसंत केली. त्याच संध्याकाळी गिरजाला हिव भरले. ताप उतरे आणि पुन्हा चढे. तापाच्या माणसाच्या डोक्याला पाणी लावत नाहीत, तेल लावत नाहीत, फणी तर नाहीच. महिनाभराने ती उठून बसली तेव्हा वेणीची वेणी राहिली नव्हती. मानेमागे मनगटाएवढा कडक दोर लोंबत होता.

देवकाबाईने तो पाहिला आणि हात जोडले. देवीने पोरीला मागितले होते.

जटेला एकदा हळद लागली की तिला फणी लागत नाही. त्या मुलीचे लग्नही होत नाही. बल्लारपूरच्या माणसांना अजून कोणी कळवले नव्हते. आज हळद लागली की कळवावे लागणार होते.

विळा चालवणे सोपे होते. पण देवकाबाईची धाकटी बहीण गुणाबाई, तिलाही अशीच जट आली होती. भावाने रागाच्या भरात ती कापली आणि पाऊस लागायच्या आत गुणाबाई गेली. देवकाबाईने तिला मांडीवर मरताना पाहिले होते. या घरात जटेवर हत्यार चालणार नव्हते.

गिरजा उठली आणि ओसरीवर गेली. तिचा बाप इस्तारी जाळे मांडीवर घेऊन बसला होता. जट दिसल्यापासून तो बोलला नव्हता. सगळ्या टोल्याची गुंतलेली जाळी त्याच्याकडे येत. साळिंदराचा एक गुळगुळीत काटा त्याच्या कानावर कायम खोचलेला असे. त्या काट्याने तो गाठी सोडवी.

"बा, जारं गुंतलं तर तू कापत काऊन नाईस?"

"कापलं तर भोक पडते."

"मंग माह्या डोक्यातलं सोडव."

इस्तारीने मान वर केली. आतून देवकाबाई धावत आली. "हात नोको लावू, इस्तारी! देवीची हाय थे."

"देवीची असंल तर बाच्यानं सुटनारच नाई ना, आजी?"

"सुटनार तर नाईच."

"मंग पाहू दे."

देवकाबाई अडकली. नाही म्हटले तर आपलाच विश्वास कच्चा ठरत होता. ती उंबऱ्यावर टेकली. "पाहा. पन एक केस तुटाले नोको. तुटला की तिथंच थांबाचं."

इस्तारीने टोरीचे तेल आणवले. मोहाच्या बियांचे ते तेल थंडीने थिजले होते. कमळाने ते चुलीवर पातळ केले, गिरजाला उन्हात बसवले आणि जटेची मुळे मुठीत धरली, म्हणजे ओढ कातड्याला लागू नये. इस्तारीने सुरुवात शेंड्यापासून केली. गाठ आपल्याकडे ओढायची नाही, ती तिच्या पोटातच ढकलायची, सैल झाली की काटा घालायचा. जाळ्याला तो हेच करी. फक्त जाळे ओरडत नाही, आणि त्याच्या सुताला इतका पीळ नसतो.

पहिली बट सुटली तेव्हा ती लगेच वेडीवाकडी होऊन वर उडाली. कमळाने श्वास सोडला. देवकाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येक बोट पाहत होती.

ऊन चढले. कुंपणाशी बायका जमल्या. त्या जटेच्या दर्शनाला ताटे घेऊन आल्या होत्या आणि हे दृश्य पाहून तिथेच उभ्या राहिल्या.

"काऊन गा इस्तारीभाऊ, झिंगे सापडले का जाऱ्यात?" एकीने विचारले.

"सापडले तर तुलेच धाडतो, मंगली. आता चूप राह्य."

अर्धी जट सुटली. मग काटा थांबला. कानाच्या मागे, मुळांपासून चार बोटांवर, गुंता दगडासारखा होता. तेल आत जाईना, काटा शिरेना. इस्तारीने जरा जोर केला. एक केस ताणला गेला, पांढरट दिसू लागला. त्याने बोटे सैल सोडली. त्याच्या कपाळावरचा घाम गिरजाच्या खांद्यावर पडला.

"पाह्यलं?" देवकाबाई हळूच म्हणाली. "तिथी बसून हाय देवी."

गल्लीत डफ वाजला. पोचू भगत आला होता, हातात हळदीची वाटी. अर्धी सुटलेली जट पाहून तो अंगणाच्या मधोमध थांबला.

"हात काढ, इस्तारी."

इस्तारीचे हात खरोखरच मागे आले. गिरजाने न वळता त्यातला एक पकडला. "बा, थांबू नोको. केस तुटला नाई अजून."

इस्तारीने त्या कडक गोळ्याला अंगठ्याने दाबले. जाळ्यात चिखल वाळून बसला की तो काय करतो, ते त्याला आठवले असावे. "कमळे, कोमट पानी आन. आनि हयू हयू सोड."

पाण्याची धार पडत राहिली. पोचू वाटी धरून उभा. गोळा आधी तसाच राहिला, मग मऊ झाला, मग बुळबुळीत. इस्तारीने बोटे एकमेकांवर घासली, वास घेतला.

"हे तेल नोहे," तो म्हणाला.

काटा आत गेला. बाहेर आला तेव्हा टोकावर एक चपटा, तांबूस, चकचकीत दाणा चिकटला होता.

त्याने तो आईपुढे धरला. देवकाबाईने दाणा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि दातांखाली घातला. ती चावत राहिली. एवढ्या लहान दाण्याला इतका वेळ लागत नाही.

"जवस होय," ती म्हणाली. मग बायकांकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "माह्याच हातचं. फडक्याले भोक होतं."

"देवकाबाई, हळद कालवून आनली मी," पोचू म्हणाला.

"मंग इथी ठेवा, भाऊ. मासोऱ्या शिजवाच्या हायेत."

मंगली फिसकन हसली. पोचू हसला नाही. त्याने वाटी ओट्यावर ठेवली, पण तो गेलाही नाही. जट अजून पुरी सुटायची होती.

देवकाबाई उठली, गिरजाच्या मागे येऊन बसली आणि केसांची मुळे स्वतःच्या मुठीत घेतली. इस्तारीने पुन्हा काटा घातला. गोळ्यातून आणखी दोन दाणे पडले. मग एका गाठीवर बारीक आवाज झाला.

केस तुटला होता. लांब, लाटेलाटेचा, इस्तारीच्या बोटाला गुंडाळलेला. त्याने काटा थांबवला आणि आईकडे पाहिले. गिरजाची मान ताठ झाली.

देवकाबाईने तो केस त्याच्या बोटावरून सोडवला. पोचूकडे पाहिले नाही. केस स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि मुळांवरची मूठ घट्ट केली.

"एखादा तुटनारच गा," ती म्हणाली. "चाल पुढं."