दुर्बिणीचा नवा स्टँड

कारखान्यात लेथ मशीन चालवणारी ती जेवणाच्या सुट्टीत दुर्बिणींच्या दुकानात शिरली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून पार मिटला होता. म्हाताऱ्या दुकानदाराने एकदाच पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"गेल्या महिन्यात नेलेली दुर्बीण. स्टँड मोडलाय," ती म्हणाली.

"मोडला की मोडून टाकला?"

"दादाने."

कारखान्यात केसभर चूक न करणाऱ्या या बाईला घरात काडीची किंमत नव्हती. आई गेल्यापासून थोरला भाऊच घरचा कर्ता, आणि त्याचा हात लगेच उठायचा. परवा समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी त्याला हटकलं, तुझी बहीण गच्चीवरून आमच्या खिडक्यांत डोकावते. दादा शहानिशा करायच्या भानगडीत पडला नाही. त्याने गच्चीवर जाऊन स्टँड लाथेने मोडला, तिचं तोंड फोडलं. दुर्बिणीची नळी तेवढी वाचली, कारण बहीण त्या नळीवर पालथी पडली होती. लाथा बरगड्यांनी खाल्ल्या.

"सगळे आधी मोठं दाखवणारं भिंग मागतात," दुकानदार म्हणाला. "पण स्टँड हलका असेल तर चंद्र नुसता थरथरतो. आधी स्टँड भक्कम घ्या. मग डोळ्याला लावायचं भिंग, नऊ मिलिमीटरचा एक चांगला आयपीस. दुर्बिणीसोबत डब्यात आलेला चारचा टाकून द्या, त्यात धुक्याशिवाय काही दिसत नाही."

त्याने काढून दिलेला पोलादी स्टँड तिने उभा केला, स्क्रू आवळले, पाय हलवून पाहिले. जराही खुळखुळत नव्हता. दोन दिवसांत पहिल्यांदा ती अंगाचा ठणका विसरली.

"आता इथे थेरं चाललीत होय?"

दारात दादा, तिच्या मागावर आलेला. तिने वळायच्या आत त्याने तिची वेणी मुठीत धरली आणि कपाळ काउंटरवर आपटलं. म्हातारा मध्ये पडला, तर त्याला फळीवर ढकलून दिलं. खोके धडाधड खाली आले. पुन्हा वेणी ओढली गेली, तेव्हा तिच्या हातात स्टँड होता. तिने तो दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या गुडघ्यावर हाणला. हाड वाजलं. तो गुरासारखा ओरडला आणि त्याने ठोसा मारला. ती खाली वाकली. ठोसा शोकेसची काच फोडून आत गेला, आणि त्याने रागाने हात तसाच मागे खेचला.

मनगटापासून कोपरापर्यंत हात उसवला. रक्ताच्या चिळकांड्या आयपीसांवर उडू लागल्या.

"ए... ए, बघ ना गं," दादा लहान पोरासारखा म्हणाला आणि खाली बसला.

ती बघत उभी राहिली. मरू दे, असं तिच्या मनात आलं. अगदी स्वच्छ आलं. मग तिने ओढणी काढली, त्याच्या दंडाला करकचून बांधली, जखमेवर गुडघा रोवला. तो शिव्या देत होता, मोकळ्या हाताने तिला बुक्के मारत होता.

"हललास तर मरशील. आणि मेलास तर मी रडणार नाही," ती म्हणाली. "आजोबा, गाडी बोलवा!"

दवाखान्यात हवालदार आला. "घरगुती भांडण ना? पाय घसरून काचेवर पडला असं लिहू?"

"नाही. मला मारताना लागलं. परवाही मारलं होतं. तेही लिहा."

"अगं, रक्ताचं नातं आहे आपलं!" खाटेवरून दादा कळवळला.

"ते आत्ताच धुऊन आले मी," ती म्हणाली. नखांत अजून तांबडं होतं.

त्याच आठवड्यात ती कारखान्यातल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. म्हाताऱ्याच्या दुकानातल्या काचा तिने स्वतः झाडल्या, नव्या स्टँडचा वाकलेला पाय कारखान्यात सरळ करून घेतला. दादाची दोन बोटं कायमची सुन्न झाली. ऐकून तिला वाईट वाटलं, पण भेटायला ती गेली नाही.