बादलीत जाण्याआधी

मी टोपी बोलतेय. कवायतीच्या पथकातली, काळ्या लोकरीची, एका बाजूला कललेली. फसवाफसवीला माणसं 'टोपी घातली' म्हणतात, त्याचा मला पहिल्यापासून राग आहे; मी कधी कुणाला फसवलेलं नाही. बोलायची घाई एवढ्यासाठी की व्हरांड्यात कोमट पाण्याची बादली आणून ठेवलीय आणि थोड्या वेळात मला तिच्यात बुडवतील.

कारखान्यातून निघताना आम्ही ताटलीसारख्या सपाट असतो. आकार मिळतो तो नंतर, डोक्यावर. या शाळेत त्याची पद्धतच आहे. नव्या मुलांना बाकांवर बसवायचं, टोप्या भिजवायच्या आणि ओल्याच त्यांच्या डोक्यांवर दाबून बसवायच्या. वाळेपर्यंत कुणी उठायचं नाही. मानेवरून पाणी ओघळतं, मुलं खिदळतात, आणि टोपी वाळली की पथकात आलात असं समजायचं.

त्या वर्षी पहिल्यांदाच दुसऱ्या शाळांतली मुलं पथकात घेतली, कारण त्यांच्याकडे पथकच नव्हतं. फाटकावर 'सर्व शाळांच्या विद्यार्थ्यांचे स्वागत' असं कापड लावलं, मुख्याध्यापकांनी भाषण केलं, कवायतीचे सर तर एकेकाशी हात मिळवत फिरले. मनापासून केलं हो सगळं, खोटं कशाला बोलू. मी आले पुलापलीकडच्या शाळेतल्या एका मुलीच्या वाट्याला. पथकाची प्रमुख असलेल्या ताईनं मला तिच्या डोक्यावर दाबलं, उजव्या भुवईवर ओढलं आणि म्हणाली, "आता ही तुझीच. दुसऱ्या कुणाला नीट बसायची नाही."

मुलगी घरी आरशासमोरून हलेना. तिची आई इस्पितळातल्या चादरी धुवायची. दमून आलेली ती माउली म्हणाली, "आता काय जेवतानाही घालणारेस का?" तर ही खरंच मला घालून जेवायला बसली. मला फार सुख वाटलं त्या दिवशी.

कवायत शाळा सुटली की लगेच सुरू व्हायची. इथल्या मुलांनी दप्तर ठेवायचं आणि मैदानात उतरायचं. बाकीच्या शाळाही त्याच वेळी सुटतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझी मुलगी पूल ओलांडून धावत यायची, मी तिच्या मुठीत घामानं ओलीचिंब. उशीर झाला की मैदानाला फेऱ्या मारायच्या हा नियम जुनाच. म्हणजे बाहेरची मुलं आधी रस्त्यावर पळणार आणि मग मैदानात. इथली मुलं त्यांना 'पाहुणे' म्हणायला लागली, आधी आधी गमतीनं.

एकेक करून पाहुणे गळाले. ही मात्र चिकटून राहिली. धापा टाकत रांगेत शिरायची, पण 'सावधान' कानावर पडलं की पापणीही हलायची नाही. वार्षिक संचलनात तिला पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला उभं करायचं सरांनी ठरवलं. त्या टोकाकडे बघून सगळी रांग सरळ होते, म्हणून ती जागा मानाची. ताईनं तिची पाठ थोपटली. संचलनाला जो गैरहजर राहील त्याचं नाव पथकातून कमी, हेही सरांनी त्याच दमात सगळ्यांना बजावलं.

मग तिनं धीर करून सरांना विचारलं, कवायत जरा उशिरा सुरू करता येईल का. सर वाईट माणूस नव्हते. बुटाच्या टाचेनं माती उकरत म्हणाले,

"तुझ्यासाठी वेळ बदलली तर बाकीच्यांना काय सांगू? शिस्त सगळ्यांना सारखी."

म्हणे सारखी. ज्यांना नुसता जिना उतरायचा त्यांना आणि हिला सारखी.

संचलनाच्या दिवशी तिच्या शाळेत शेवटच्या तासाला चाचणी निघाली. बाईंनी पेपर गोळा झाल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. आम्ही पुलावरून जिवाच्या आकांतानं धावलो आणि पोहोचलो तर फाटक बंद. संचलन सुरू झालं की उघडायचं नाही, असं रखवालदारानं सांगितलं. आत उजव्या टोकाला ताई उभी होती.

मुलीनं मला डोक्यावर चढवलं, भुवईवर ओढलं आणि फाटकाबाहेरच्या पदपथावर ती सावधान उभी राहिली. आतून हुकूम येत गेले, ती एकटीच ते पाळत गेली. पिशव्या घेतलेली माणसं तिला वळसा घालून जात होती, कुणी हसतही होतं. सलामीचा हुकूम आला आणि तिचा हात माझ्या कडेला टेकला. सरांनी गजांतून तिला पाहिलं. त्यांचा आवाज एकदा अडखळला, पण पुढचा हुकूम त्यांनी नीट दिला.

सगळं संपल्यावर ते फाटकापाशी आले. आता हिला आत घेतील, अशी मला वेडी आशा.

"फार छान केलंस," ते म्हणाले. मग नजर चुकवून म्हणाले, "पण गैरहजेरी लागली, बेटा. टोपी जमा करावी लागेल."

तिनं हुज्जत घातली नाही. मला काढलं, माझ्या आतला घाम बाहीनं पुसला.

"सर, ही दुसऱ्या कुणाला बसेल?"

"बसवून घेऊ," सर म्हणाले.

त्यानंतर मी पेटीत पडून होते. ती पुन्हा कधी आली की नाही, मला माहीत नाही. पेटीला खिडकी नसते. आज झाकण उघडलं, तर फाटकावर तेच कापड आणि बाकांवर दुसऱ्या शाळांतली नवी मुलं, खिदळत बसलेली. कवायतीची वेळ तीच आहे. अहो, भाषणं राहू द्या, आधी या लेकरांना त्यांची शाळा कधी सुटते तेवढं विचारा. पण टोपीचं कोण ऐकतंय?

नव्या ताईनं मला एका मुलाच्या डोक्यावर ठेवून पाहिलं. मी घसरले, मुद्दामच.

"ही कुणाच्या तरी डोक्याची झालीय," ती म्हणाली.

"पाण्यात घाल," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाणी छान कोमट आहे. माझ्या मुलीच्या डोक्याचा आकार मी घट्ट धरून ठेवलाय. पण मी नुसती लोकर, किती वेळ धरणार. भुवईवरची ती कड आत्ताच सैल पडायला लागलीय.