करवंटीतली वाफ

जुन्या पंचांगातला पवित्र क्लिवोनचा शुक्रवार पस्तीस दिवसांनी एकदाच येतो, म्हणून त्या सकाळी गावप्रमुखाच्या ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. अंगणात मोटारसायकली, कुंपणाबाहेर तळलेल्या केळ्यांची गाडी आणि मधोमध चटईवर म्बाह तीर्तो. म्बाह म्हणजे आजोबा. या आजोबांचं वय पन्नासच्या आतबाहेर. पण काळी टोपी, चार बोटांत अंगठ्या आणि डोळे मिटून बोलायची सवय, एवढ्या भांडवलावर करांगपुती गावाने त्यांना आजोबापद बहाल केलं होतं.

त्यांच्यापुढे उघड्या पोटाने निजला होता कार्सिदी. उशाशी त्याची बायको पाइनेम त्याचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती.

म्बाहने कार्सिदीच्या बेंबीवर एक जाड करवंटी ठेवली. करवंटीत पांढरी भुकटी, वर मोगऱ्याच्या पाकळ्या.

"ही राख नाही, रक्षा आहे रक्षा! एका सिद्धपुरुषाच्या समाधीवरची. डॉक्टरच्या मशीनला दिसत नाही ते हिला दिसतं. पोटातली आग ही अशी, अशी ओढून घेते!"

असं म्हणून त्यांनी वरून झऱ्याचं पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग करवंटी फुसफुसली, रटरटली, पाकळ्या वर-खाली नाचल्या आणि पांढरी वाफ थेट छपराकडे निघाली.

"या अल्ला!" ओसरी एका घशाने ओरडली.

"निघाली! आग निघाली!" सगळ्यात मोठा आवाज मार्तोचा होता. मार्तो म्हणजे म्बाहचा पहिला भक्त, आणि चालतीबोलती जाहिरात.

कार्सिदीने चाळीस वर्षं गावच्या चुन्याच्या भट्टीत काढली होती. गेल्या वर्षी त्याचं कंबरेचं हाड इतकं दुखायला लागलं की नमाजाला वाकता येईना. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. "मुळापासून जाणार नाही, पण दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतलंत तर दावणीला बांधून ठेवता येईल. पुष्कळांचा बरीच वर्षं तसा बांधलेला राहतो." इंजेक्शनं सुरू झाली, दुखणं थांबलं, कार्सिदी पुन्हा नमाजाला वाकू लागला. पाइनेमने त्या दिवशी हळदीचा भात करून आळीभर वाटला होता.

पण दुखणं गेलं आणि आग आली. भर जेवणावळीत एकदम छाती-मान पेटायची, घामाच्या धारा लागायच्या, चारचौघांत सदरा काढावा लागायचा. पोट सुटलं, दंड वाळले. कॉफीच्या टपरीवरचे दोस्त म्हणाले, "काय रे, बायकांचं पाळी जायचं वय तुझ्यावर आलं का?" त्या दिवसापासून कार्सिदीने टपरी सोडली.

आरोग्य केंद्रातल्या रेत्नो सिस्टरने तेव्हाच सांगितलं होतं. "काका, ही औषधाची बाजू आहे. तिखट आणि उकळती कॉफी कमी करा. लवंगेची सिगारेट बंद. सुती सदरा घाला. या इंजेक्शनाने हाडं विरळ होतात, म्हणून सोयाबीनचं टेंपे खा, छोटे मासे काट्यांसकट खा, रोज चाला, थोडं वजन उचला. आणि शनिवारी कवायतीला या."

"कवायतीला सगळ्या बायका असतात."

"मग? चावतात का त्या?"

कार्सिदी गेला नाही. सिस्टर तरुण होती, फुकट सांगत होती आणि डोळे उघडे ठेवून सांगत होती. अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार?

म्बाहने मात्र पहिल्या भेटीतच व्रत दिलं. तिखट नाही, कॉफी नाही, सिगारेट नाही, संध्याकाळी थंड पाण्याने अंघोळ. सिस्टरने सांगितली ती कटकट होती, म्बाहने सांगितलं ते व्रत झालं, आणि कार्सिदीने ते काटेकोर पाळलं. महिन्याभरात आग निम्म्यावर आली. श्रेय अर्थातच करवंटीला गेलं.

व्रताला एक शेपूट होतं. "पुढची सुई घ्यायची नाही," म्बाह डोळे मिटून म्हणाले होते. "मी आग काढायची आणि डॉक्टरने परत भरायची, हा धंदा चालणार नाही."

मार्तोला हाच आजार होता. त्याने दोन इंजेक्शनं चुकवली होती. आता त्याला घामाचा थेंब येत नव्हता, दंड भरले होते, आणि तो मिशीवरून हात फिरवत सांगायचा, "बाकीचं माझ्या बायकोला विचारा!"

करवंटीची ती दुसरी फेरी आटोपून घरी आल्यावर पाइनेमने नवऱ्याची लुंगी धुवायला घेतली. करवंटीतून सांडलेल्या पाण्याचा पांढरा डाग पडला होता. डाग चोळला तर बोटं बुळबुळीत झाली, आणि तासाभराने त्यांना बारीक भेगा पडल्या. अशा भेगा तिने लग्नाआधी सहा वर्षं अंगावर वागवल्या होत्या, भट्टीवर पोती भरताना.

"अहो, ती रक्षा नाही. चुना आहे तो."

"चाळीस वर्षं चुना भाजलाय मी," कार्सिदी उखडला. "मला चुना कळत नाही, आणि तुला लुंगीवरून कळतो?"

"नाकाला वास नाही आला?"

"कसला वास?"

खरंच होतं त्याचं. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणीतरी नाक आक्रसून विचारलं असतं, हा वास कसला? करांगपुतीत जन्मल्यापासून प्रत्येक नाकात तोच वास. भिंतीला चुना, पानाला चुना, छातीत चुना. त्यात काही पवित्र असेल असं कुणाला वाटत नव्हतं, आणि जे पवित्र आहे ते चुना असेल असंही वाटत नव्हतं.

"म्बाहच्या तिसऱ्या फेरीनंतरच्या सोमवारी तुमचं इंजेक्शन आहे," पाइनेम म्हणाली.

"होतं. मला परत बाई नाही व्हायचं."

पाइनेमला रडू आलं, रागही आला. ती तशीच रेत्नोकडे गेली. तिने एकच प्रश्न विचारला, "इंजेक्शन सोडल्यावर आग जाते हे खरं?"

"खरं आहे, मावशी. म्हणूनच तर भीती वाटते." सिस्टरने खुर्ची जवळ ओढली. "पुरुषाच्या अंगात जो रस तयार होतो तो या आजाराचं खाणं आहे. इंजेक्शन ते खाणं तोडतं. रस तुटला की अंग पेटतं, दंड वाळतात. इंजेक्शन थांबवलं की काही महिन्यांनी रस परत येतो. आग जाते, मिशी चमकते, माणूस खूश. आणि आत आजाराचंही जेवण सुरू."

तिसऱ्या क्लिवोनच्या शुक्रवारी पाइनेम काखेत मातीचं पाण्याचं मडकं घेऊन आली. सगळे चटईवर होते. मार्तो मात्र खुर्चीवर, एका अंगावर कलून.

कार्सिदी निजला. म्बाहने करवंटी भरली, पाकळ्या पसरल्या. पाइनेम पुढे सरकली.

"म्बाह, आधी याची आग काढा. हल्ली यात पाणी गारच होत नाही."

लोक हसले. म्बाहने एक डोळा उघडला. "मडक्याला आत्मा नसतो, बाई. रक्षा आग ओढते ती जिवंत माणसाची."

"म्हणजे मडक्यावर वाफ येणार नाही?"

"मुळीच नाही!"

"मग काळजीच मिटली," म्हणत तिने करवंटी उचलली, मडक्याच्या तोंडावर ठेवली आणि झऱ्याचं पाणी ओतलं.

म्बाहचा हात पोचेपर्यंत करवंटी रटरटायला लागली होती. वाफ छपराला लागली. मग मागून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "या मडक्याला इंजेक्शन कुणी दिलं गं?"

हसण्याचा असा फवारा उडाला की केळीवाला गाडी सोडून आत आला. कार्सिदी उठून बसला. करवंटी शांत झाल्यावर त्याने काडीने तळाचा लगदा उकरला, उजेडाकडे धरला आणि त्याचा चेहरा पडला.

"कळीचा चुना. पाणी पडलं की तापणारच." आणि मग खरा संताप बाहेर आला. "तोही अर्धाकच्चा भाजलेला! खडे राहिलेत बघा. असला माल आम्ही परत भट्टीत टाकायचो!"

"जिथे संशय असतो तिथे रक्षा रूप बदलते," म्बाह पुटपुटले. पण त्यांचे दोन्ही डोळे आता उघडे होते आणि ते मोटारसायकल शोधत होते. आजोबापद ओसरीवरच सोडून ते निघून गेले.

मार्तो एकटा हसला नव्हता. "चुना तर चुना," तो म्हणाला. "पण माझी आग खरंच गेली ना?"

पाइनेमने सिस्टरचं सगळं बोलणं त्याला सांगितलं, मिशीसकट. मग विचारलं, "भाऊजी, तुम्ही आज खुर्चीवर का बसलात?"

मार्तोचा हात नकळत कंबरेकडे गेला.

"किती दिवस दुखतंय?"

"महिना झाला," तो अगदी हळू म्हणाला.

सोमवारी दोघे एकाच गाडीने जिल्ह्याला गेले. कार्सिदीने इंजेक्शन घेतलं. मार्तोच्या रक्तातला आजाराचा आकडा दोनावरून साठावर गेला होता. डॉक्टरांनी त्याचं इंजेक्शन पुन्हा सुरू केलं, पण या वेळी कसलाच शब्द दिला नाही.

आता शनिवारच्या कवायतीत अठरा बायका आणि दोन पुरुष असतात. हातात वाळू भरलेल्या बाटल्या, वर-खाली, वर-खाली. कार्सिदीला मध्येच आग येते. तो बाजूला बसतो, पंखा घेतो, ओसरली की परत रांगेत येतो. टपरीवरचे दोस्त कुंपणावरून चिडवतात. "या आत," तो म्हणतो, "बायका चावत नाहीत."

मार्तो मात्र दर आठवड्याला विचारायचा, "मला आग का येत नाही रे अजून? औषध लागू पडलं नाही का?" पाचव्या शनिवारी हात वर असतानाच त्याची मान लाल झाली, कपाळावरून धार लागली, आणि हा मोठा मिशीवाला माणूस बाटल्या टाकून ओरडला, "आली! आली!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाइनेमने डोळ्यांना पदर लावला.

रेत्नोने त्याच्या हातात रुमाल दिला. "छान. पुसा घाम. आणि सोमवारी रक्त तपासायला या."

"आता कशाला? आग आली की!"

"कुणाला येते, कुणाला येत नाही. आग गेली म्हणून एकदा भुललात, काका. आता आली म्हणून भुलू नका. डोळ्याला दिसतं ते मोजून बघायचं, मग मानायचं. चला, उचला बाटल्या."