ओळखीच्या व्यापाऱ्याची सही

उदगीरच्या कापड गल्लीत वीरण्णाचं साड्यांचं दुकान होतं आणि तिथे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं, ही गोष्ट गल्लीला ठाऊक नव्हती. ठाऊक होऊ नये म्हणून वीरण्णाने काय कमी खटपटी केल्या? सकाळी सगळ्यांच्या आधी शटर वर, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, इस्त्रीचा सदरा, आणि रिकाम्या दुपारी साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसणं. बायका आता मोबाइलवर साड्या मागवत होत्या, त्याला तो तरी काय करणार! पण बाजारात माणसाचा धंदा बसला असं एकदा दिसलं की ठोक व्यापारी उधारीवर माल देत नाही, आणि माल नाही म्हणजे दुकान नाही. म्हणून हा सगळा थाट.

थाटाच्या आड घरात अंजू होती. नगरपालिकेच्या शाळेतून आठवी झालेली. गावातल्या नावाजलेल्या खाजगी हायस्कूलच्या परीक्षेला चारशे पोरं बसली, त्यात ही अकरावी आली. फीचा आकडा मात्र तिची आई सिद्धम्मा हिच्या कल्पनेबाहेरचा होता. मग शाळेनेच सांगितलं, गरजू घरांना फी माफ होते, अर्ज करा. अंजूने अर्ज स्वतः भरला, एकही खाडाखोड न करता. वीरण्णाने तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला, तोही तोंडाला रुमाल बांधून. राहिली एक सही. या घराची परिस्थिती बेताची आहे, असं पाच वर्षं ओळखणाऱ्या शेजारच्या व्यापाऱ्याने आपल्या हाताने लिहून द्यायचं होतं. मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत.

"अमरनाथभाऊला सांगा की," सिद्धम्मा म्हणाली. "पोटात ठिवतील ते."

अमरनाथचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान शेजारीच होतं. वीरण्णा अर्ज खिशात घालून गेला, पण दारातच घुटमळला. आता बोलू, मग बोलू, असं चाललं असताना अमरनाथनेच शटर अर्धं खाली ओढलं.

"वीरण्णा, एक काम होतं. हसू नका बरं." त्याने गादीखालून एक कागद काढला. तोच अर्ज, तीच शाळा. "आमच्या सोमेशचा हाय. दोन वर्सं झाली, धंदा लई बसलाय. तुमच्यासारख्या तालेवार माणसाची सही असली तर शाळावाले मानतील. दुसऱ्या कोणाला दाखवायची सोय न्हाई."

इथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तालेवार! किती दिवसांनी हा शब्द कानावर पडला होता. वीरण्णाने चष्मा लावला, पेन मागून घेतलं, 'परिस्थिती बेताची आहे' असं ऐटीत लिहिलं आणि खाली रेघ ओढून सही ठोकली. वर "काळजी करू नका" असंही म्हणाला, भला माणूस. स्वतःचा अर्ज जसा नेला तसा घरी घेऊन आला.

अंजूने शेवटचं पान कोरं पाहिलं. वीरण्णाने अडखळत सगळं सांगितलं. तिने अर्ज उलटून मागच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्या.

"अप्पा, ज्याच्या घरातून अर्ज आलाय त्याची सही चालत न्हाई. आपला अर्ज दिला की सोमेशचा बाद."

"सही घ्याया गेलतात का द्याया?" सिद्धम्मा कडाडली. आपल्या लेकीचा अर्ज द्यावा तर शेजाऱ्याच्या लेकराचं वर्ष जाणार, न द्यावा तर हिचं. आणि हे सगळं दोन घटकांच्या मोठेपणासाठी. त्याला स्वतःचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत त्याला धीर झाला नाही. मग अंजूच दुकानात येऊन उभी राहिली. नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. वीरण्णा उठला, शेजारी गेला आणि आपला अर्ज अमरनाथच्या पुढ्यात ठेवला.

"माझी सही खोडा. ती चालणार न्हाई."

अमरनाथने अंजूचं नाव वाचलं, उत्पन्नाचा आकडा वाचला. "अन् काल मलाच म्हणलात, काळजी करू नका!" तो जो तापला तो दोन मिनिटं बोलतच होता. मग एकदम थकला आणि म्हणाला, "आता दोघांच्या अर्जावर सही कोण करंल?"

गल्लीतले बाकीचे दुकानदार नवे, भाड्याने आलेले. पाच वर्षांच्या ओळखीचा एकच माणूस उरला होता, समोरचे किशनराव. बिलोलीहून येऊन ठोक कापडाचा धंदा उभा केलेले. या दोघांच्या दुकानात जे काही होतं ते त्यांच्याकडूनच उधारीवर उचललेलं. ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याच पुढे दोघे अर्ज घेऊन उभे राहिले.

किशनरावांनी चहा मागवला. दोन्ही अर्ज पहिल्या पानापासून सावकाश वाचले.

"लेकरं हुशार हायत," ते म्हणाले. दोन्हीकडे लागेल ते लिहिलं, सही केली, दुकानाचा शिक्का मारला. वीरण्णाचा जीव भांड्यात पडला. तो हात जोडून उठणार, तोच त्यांनी चष्मा काढला.

"मी खोटं लिहून देत न्हाई. तुमची परिस्थिती न्हाई, हे आता माझ्याच हातानं लिहिलंय. मग उधारी कशाच्या भरवशावर देऊ? उद्यापासून माल रोखीनं न्या, दोघंबी. राग धरू नका."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दोघांनी आपापला अर्ज उचलला. चहा तसाच राहिला.

बाहेर अंजू पायरीवर थांबली होती. "झाली सही?"

"झाली."

तिचा चेहरा असा काही उजळला की वीरण्णाला आनंद झाला, खरंच झाला. "सोमेशचाबी द्या, संगंच देते," असं म्हणून तिने दोन्ही अर्ज घेतले आणि शाळेच्या दिशेने पळत सुटली. वीरण्णा तिथेच उभा राहिला. लग्नसराईचा माल किशनरावांकडून उद्याच उधारीवर उचलायचा ठरला होता.