थुंकी कुणाची

"तुमच्या नातीच्या अंगात लांबचं पळणं नाहीच, आजी," प्रशिक्षकांनी अहवाल टेबलावर सरकवला. "थुंकीवरून जनुकं तपासलीत. दमाची नाहीत. दहा हजार मीटरच्या संघातून नाव काढतोय."

आजीने कागदाला हात लावला नाही. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिची हयात गेली होती. ओल्या चादरींची बोचकी घेऊन दिवसाला वीस वेळा चौथ्या मजल्याची गच्ची गाठायची, तीही जिन्याने. बरोबरीच्या बायकांनी गुडघे धरून काम सोडलं. हिने पायरीवर कधी टेकून पाहिलं नाही.

"या कागदाआधी पोरगी कितवी येत होती?"

"पहिली. पण पुढे अडेल."

"म्हणजे डोळ्यांना दिसलं ते खोटं आणि तुमचा कागद तेवढा खरा."

"शास्त्र आहे ते."

"मग तुमच्या शास्त्राला सांगा, ती थुंकी माझी आहे."

दाराशी उभ्या नातीने मान वर केली. "आजी, तू थुंकलीस?"

"तुझं तोंड पळून पळून कोरडं पडलं होतं. नळी निम्मीसुद्धा भरेना, बाहेर नळ्या न्यायला आलेला गाडीवाला बोंब मारतोय. तू चूळ भरायला गेलीस, मी नळी भरली. म्हटलं, रक्त तर एकच आहे."

प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला. "अहो, प्रत्येकाचं वेगळं असतं. भेसळ झाली सगळी."

"ते मला आत्ता कळलं. चूक माझी, पदरात घेते. पण दम नाही म्हणून कागदात जी बाई लिहिलीय, ती मी. चला जिन्यावर. दोन बोचकी तुम्ही घ्या, दोन मी घेते. कोण आधी बसतं बघू."

प्रशिक्षकांनी संघाची यादी पुढे ओढली. "दुसरी तपासणी यायला महिना लागेल. यादी आज जाते. अहवालाशिवाय नाव घालता येत नाही, वरून नियम आहे."

"घड्याळ आहे ना गळ्यात? पळवा तिला."

"घड्याळ चालत नाही आता, आजी."

"मग शोभेला बांधलंय होय?"

त्यांनी यादीतल्या नातीच्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून, सरळ.

आजीच्या तोंडावर शिवी आली होती. नात रडली असती तर तिने ती देऊनही टाकली असती. पण नात मैदानावर गेली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि एकटीच पळू लागली.

आजी मैदानाच्या कठड्याला उभी राहिली. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या, एवढं तिला ठाऊक होतं. अंगठ्याने ती बोटांची पेरं मोजू लागली. पहिला हात बाराव्या फेरीला संपला. नातीचं पाऊल तसंच पडत होतं, ना जड, ना घाईचं. मागे प्रशिक्षकांच्या खोलीची खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. आजीने वळून पाहिलं नाही.

पंचविसाव्या फेरीला दोन्ही हातांत पेर उरलं नाही. तिने मूठ वळली आणि पोरगी रेघ ओलांडेपर्यंत तशीच धरून ठेवली.