पायाबद्दलचं वाक्य

आमच्या नेब्रास्कातल्या काउंटीच्या कोर्टात व्हर्ना टाडेन जमिनींचे दस्त सांभाळायची. मी तिच्या हाताखाली. लाल दगडाची ती इमारत १८८९ ची. कोर्ट आपल्याच गावी व्हावं म्हणून तेव्हा दोन गावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. ती पाडून पत्र्याची नवी बांधायचं काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनर लायल क्रूसच्या मनात आलं, तेव्हा तिला वाचवायला म्हणून व्हर्नाने दोन वर्षं खपून तिच्या इतिहासाचा अहवाल लिहिला. ओकच्या जिन्याचे कठडे कुणी कोरले, घड्याळाच्या मनोऱ्याचा दगड कुठल्या खाणीतला, सगळं.

टाइप करताना एका वाक्याशी मी थांबले. 'मनोऱ्याचा पाया चिकणमातीवर घातल्याने १९०३ मध्ये भिंतीला तडा गेला.'

"हे गाळ ना, व्हर्ना. लायलला आयतंच सापडेल."

"पुढचं वाच की. १९११ ला खालून काँक्रीट भरलं, तेव्हापासून मनोरा केसभर हललेला नाही. मग काय, अर्धाच इतिहास लिहू?"

सुनावणीला सगळी काउंटी लोटली. लायलने तिचाच अहवाल उघडला, तड्याचं वाक्य खणखणीत वाचलं आणि मिटून टाकला.

"हे आपली व्हर्ना सांगतेय बरं का, मी नाही!"

लोक हसले. व्हर्ना उठली. "पुढची ओळ वाच, लायल."

"तुझी बोलायची तीन मिनिटं मघाशीच संपली, बाई. बस खाली."

"मग दुसरं कुणीतरी वाचा!"

तिने माझ्याकडे पाहिलं. अहवालाची प्रत माझ्या मांडीवर होती, पानही तेच उघडं. पण माझी नोकरी लायलच्या हातात होती. मी मान वर केली नाही.

इमारत पाडायचा ठराव मंजूर झाला. एप्रिलात मनोरा पाडला. खालच्या काँक्रीटने यंत्राचे दोन दात मोडले. पाया उखडायलाच तीन आठवडे गेले. व्हर्ना रस्त्यापलीकडे गाडीत बसून रोज बघायची. एकदा मी कॉफी घेऊन गेले, तर तिने काच खाली केली नाही.

नव्या इमारतीत तिने पाऊलही टाकलं नाही. राजीनामा टपालाने आला. तिच्या खुर्चीवर लायलने मला बसवलं.

"तू समजूतदार आहेस," तो म्हणाला.

मी त्याचे आभार मानले.